कल्पित सृष्टीची कथा रचणे निर्मितीच्या सिद्धांताविरुद्ध जाते का?

प्रश्नकर्ता: पानखूण

सर्वांना नमस्कार.

आमच्या ख्रिस्ती मंडळीत (चर्चमध्ये) तेरा ते सतरा वर्षांच्या मुलामुलींचा एक वाचनगट मी गेली चार वर्षे चालवतो. या महिन्यात आम्ही सी. एस. लुईस यांच्या नार्निया या कल्पित जगावरील मालिकेतले १९५५ सालचे ‘द मॅजिशियन्स नेफ्यू’ वाचायला घेतले होते. त्यात दाट काळोखात एक आवाज गाऊ लागतो, तारे त्या आवाजाला साथ देतात, मग सूर्य उगवतो, गवत पसरत जाते, आणि गाणारा तो सिंह, अस्लान, चालत असताना जमिनीला फुगवटे येऊन त्यांतून प्राणी बाहेर पडतात. हे प्रकरण मोठ्याने वाचून झाले आणि पंधरा वर्षांच्या एका मुलीने विचारले, “मग उत्पत्तीचा पहिला अध्याय हेही असेच गाणे आहे का?” मी तोंड उघडण्याआधीच दोन मुलगे बायबलच्या त्या अध्यायातील सृष्टिनिर्मितीच्या सहा दिवसांवरून हमरीतुमरीवर आले, एकाचे म्हणणे दिवस म्हणजे चोवीस तास, दुसऱ्याचे म्हणणे दिवस म्हणजे एकेक युग. तेवढ्यात वेळ संपली आणि तिचा प्रश्न तसाच लोंबकळत राहिला.

पुढच्या रविवारी त्या मुलीचे वडील ते पुस्तक घेऊन माझ्याकडे आले. त्यांनी ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचले होते, हे मुद्दाम सांगतो, कारण अशा तक्रारी करणाऱ्यांनी सहसा पुस्तक उघडलेलेही नसते. जेथे जेथे काही नवे अस्तित्वात येते तेथे त्यांनी पेन्सिलीने बारीक रेघ ओढली होती आणि समासात प्रत्येक वेळी एकच शब्द लिहिला होता: “कोण?”

त्यांचा आक्षेप जादूवर नाही. अनुवाद १८:१०-१२ मधील चेटूक व मंत्रतंत्राची मनाई आणि तिच्या आधारे मुलांच्या कादंबऱ्यांवर होणारी टीका हा वाद आमच्याकडे पूर्वीच होऊन गेला आहे. तो येथे पुन्हा उकरू नये, ही विनंती. त्यांचे म्हणणे वेगळे आहे. निर्माणकर्ता एक, सृष्टी एक, आणि तिची हकिकत आपल्या हाती दिलेली आहे. असे असताना माणसाने दुसऱ्या सृष्टीची दुसरी हकिकत रचणे म्हणजे जे काम देवाने स्वतःपाशी ठेवले त्याला हात घालणे होय. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, अशा कथा वाचणाऱ्या मुलाच्या मनात उत्पत्तीचे पुस्तकही नकळत कथांच्या रांगेत जाऊन बसते. या दुसऱ्या मुद्द्याला माझ्यापाशी उत्तर नाही, कारण त्यांच्या मुलीच्या बाबतीत माझ्यासमोर नेमके तेच घडले.

पाळकांनी महिनाअखेर माझ्याकडून लेखी मत मागितले आहे. निर्मितीचा सिद्धांत नेमके काय मानायला लावतो आणि कोणत्या गोष्टी मोकळ्या सोडतो, हे मला समजून घ्यायचे आहे. “शेवटी ती एक गोष्टच आहे” असे उत्तर कृपया देऊ नये. त्या गृहस्थांना ते पटणार नाही, आणि खरे सांगायचे तर मलाही पटत नाही.

उत्तर: जुनी पोथी

त्या गृहस्थांनी समासात लिहिलेला शब्द मला फार आवडला, कारण निर्मितीच्या सिद्धांताचा गाभा त्याच प्रश्नात आहे. मंडळीने परिषदांमध्ये एकत्र बसून जे शब्दबद्ध केले ते पाहिले, तर ‘कोण’ या प्रश्नावर ती कधीही ढिली पडलेली दिसत नाही, आणि ‘किती दिवसांत’ या प्रश्नावर तिने विश्वासांगीकारात (श्रद्धेच्या सर्वमान्य निवेदनात) एक अक्षरही लिहिलेले नाही. निकेया येथे ३२५ साली तयार झालेल्या विश्वासांगीकारात पित्याला दृश्य व अदृश्य अशा सर्वांचा निर्माणकर्ता म्हटले आहे आणि पुत्राविषयी, योहान १:३ ला अनुसरून, सर्व काही त्याच्याद्वारे झाले असे म्हटले आहे. त्यातील ‘अदृश्य’ या शब्दाकडे आपण घाईने पाहतो. देवदूत निर्मिलेले आहेत, सैतानही मुळात निर्मिलेलाच आहे, आणि देवाच्या तोडीचे स्वयंभू असे दुसरे काहीही नाही, हे सर्व त्या एका शब्दात येते. जड सृष्टी ही दुष्ट शक्तीची करणी आहे असे शिकवणारे पंथ मध्ययुगात बळावले, तेव्हा १२१५ सालच्या चौथ्या लॅटरन परिषदेने एकाच देवाने सर्व काही शून्यातून निर्माण केले हे अधिक स्पष्ट केले.

दिवसांविषयी मात्र जुन्या आचार्यांत पहिल्यापासून एकवाक्यता नव्हती. चौथ्या शतकात बसिल यांनी सहा दिवसांवर प्रवचने दिली. गवत म्हटले की मी गवतच समजतो, असे त्यांचे सडेतोड म्हणणे होते आणि दिवस त्यांच्या मते चोवीस तासांचा होता. त्यांच्या आधी ओरिजेन यांनी विचारले होते की सूर्य जर चौथ्या दिवशी झाला तर पहिले तीन दिवस, त्यांची संध्याकाळ आणि सकाळ, यांचा अर्थ काय घ्यायचा? ऑगस्टीन यांनी तर उत्पत्तीच्या ‘शब्दशः अर्थावर’ बारा भागांचा ग्रंथ लिहिला आणि त्यात निष्कर्ष काढला की देवाने सर्व काही एकाच क्षणी निर्माण केले. सहा दिवस हा काळाचा हिशेब नसून समजण्याचा क्रम आहे. (शब्दशः अर्थाच्या नावाखाली इतका अशब्दशः निष्कर्ष काढणे त्यांनाच जमू जाणे.) पृथ्वी आणि ताऱ्यांविषयी ज्याला चांगली माहिती आहे अशा अविश्वासणाऱ्यासमोर ख्रिस्ती माणसाने पवित्र शास्त्राच्या (बायबलच्या) नावावर काहीबाही बोलू नये, हा इशाराही त्याच ग्रंथातला. म्हणजे आपल्या गटातील ती दोन मुले ज्यावरून भांडली, त्यावर बसिल आणि ऑगस्टीन हेही एकमेकांशी सहमत झाले नसते, आणि तरी दोघेही मंडळीचे आचार्यच आहेत.

आता ‘कोण’ या कसोटीवर कल्पित कथा घासून पाहू. हिब्रू शास्त्रात ‘बारा’ असे एक क्रियापद आहे (आपल्या आकड्याशी त्याचा संबंध नाही). उत्पत्ती १:१ मध्ये तेच आले आहे, आणि निर्माण करणे या अर्थाने त्याचा कर्ता नेहमी देवच असतो. माणूस घडवतो, बांधतो, रचतो. त्याच्यासाठी दुसरी क्रियापदे आहेत. या भेदावरून विसाव्या शतकात एक खरोखरीचा वाद झाला होता, आणि तो आपल्या प्रश्नाशी इतका जुळतो की पाळकांना द्यायच्या मतात तो जरूर घ्यावा.

१९५४ साली एका कॅथलिक पुस्तकभांडाराच्या व्यवस्थापकाने जे. आर. आर. टोल्किन यांना पत्र लिहिले. त्यांची कादंबरी ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ आवडल्याचे सांगून त्याने विचारले की आपण सिद्धांताची मर्यादा तर ओलांडली नाही ना? वृक्षपाळ ट्रीबिअर्ड म्हणतो की राक्षसी ट्रोल अंधाराच्या स्वामीने केले. पण दुष्टाला काही निर्माण करता येते असे म्हणणे ख्रिस्ती शिकवणीत बसत नाही. एल्फ ही त्या कथेतील माणसांसारखी पण अमर जात मेल्यावर पुन्हा देहात येते, यावरही त्याचा आक्षेप होता. टोल्किन स्वतः निष्ठावान कॅथलिक. त्यांनी उत्तरात हा आक्षेप उडवून लावला नाही. ट्रीबिअर्ड हे माझे एक पात्र आहे, मी नव्हे, असे त्यांनी म्हटले आणि पुढे दाखवून दिले की त्या वाक्यात ‘निर्माण केले’ असा शब्द नसून ‘बनवले’ असा आहे, तोही आधीच असलेल्या प्राण्यांची नक्कल म्हणून, आणि या दोहोंमध्ये फार मोठी दरी आहे. पुनर्जन्माविषयी त्यांची भूमिका अशी की मानवजातीला लावले तर ते चुकीचे धर्मज्ञान ठरेल, पण निर्माणकर्त्याने ज्या वाटा वापरल्याचे आपल्याला ठाऊक आहे त्यांच्या बाहेर कल्पनेने जाऊन पाहणे हेच तर अशा रचनेचे काम आहे. हे लांबलचक उत्तर त्यांनी पाठवलेच नाही. स्वतःला फारच महत्त्व दिल्यासारखे होईल, असे त्यांना वाटले.

त्यांच्याच ‘द सिल्मरिलियन’ या १९७७ साली, मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथातील एक प्रसंग त्या गृहस्थांना वाचायला द्यावा, असे मी सुचवीन. औले हा देवदूतासारखा एक कारागीर. पुढे येणाऱ्या लेकरांची वाट पाहण्याचा धीर त्याला धरवत नाही, म्हणून तो डोंगराखाली गुपचूप बुटक्यांचे सात पूर्वज घडवतो. निर्माणकर्ता इलूवातार त्याला सांगतो की तुझ्यापाशी फक्त तुझेच अस्तित्व आहे. तू विचार करशील तेव्हा हे हलतील आणि तुझे लक्ष दुसरीकडे गेले की जागच्या जागी थांबतील. औले म्हणतो की मी थट्टा म्हणून हे केले नाही. अजाण मूल बापाचे काम खेळात करून पाहते ते त्या बापाचे मूल आहे म्हणूनच. मग तो रडत मोठा हातोडा उचलतो, आपलीच कृती फोडायला. आणि ते बुटके त्या हातोड्याखाली अंग चोरतात. त्यांनी अंग चोरले यातच औलेला उत्तर मिळालेले असते: त्यांना स्वतःचा जीव आला आहे, आणि तो औलेने दिलेला नाही. समासातील ‘कोण?’ या प्रश्नाचे इतके काटेकोर उत्तर मला कित्येक प्रवचनांतही मिळालेले नाही.

उत्तर: उलटतपासणी

वरील उत्तर वाचून समाधान वाटले, तरी त्या वडिलांच्या दुसऱ्या मुद्द्याला त्यात हात घातलेला नाही. मी संडे स्कूलमध्ये शिकवते, आणि सहा दिवस हे सहा दिवसच होते असे मानते, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे माझा कल कोणीकडे आहे ते लपून राहणार नाही. हेही सांगते की या मतावर माझ्या बाजूचे लोक जितके अडून बसतात तितका त्याचा इतिहास सरळ नाही. १९२५ साली शाळेत उत्क्रांती शिकवण्यावरून अमेरिकेतील डेटन येथे जो खटला गाजला, त्यात बायबलच्या बाजूने उभे राहिलेले विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांनी साक्षीत मान्य केले होते की ते दिवस चोवीस तासांचेच असले पाहिजेत असे नाही. पृथ्वी काही हजार वर्षांचीच आहे हे ‘तरुण पृथ्वीचे’ मत आज ज्या रूपात पसरलेले आहे, त्याला मोठे बळ १९६१ साली व्हिटकोंब आणि मॉरिस यांनी जलप्रलयावर लिहिलेल्या ग्रंथामुळे मिळाले. हे आमच्या वर्तुळात बोलून दाखवले की वातावरण गार होते.

पण विश्वासांगीकारात दिवस मोजलेले नाहीत म्हणून मामला मिटला, असे होत नाही. पौलाने रोमकरांस पत्र ५:१२ मध्ये एका माणसाच्या द्वारे पाप जगात आले आणि पापाच्या द्वारे मरण आले असे लिहिले, आणि त्याच धाग्यावर ख्रिस्ताचे कार्य गुंफले. आदाम हे जर औलेसारखे पात्र ठरले, तर तो धागा कशाला बांधायचा? या कारणामुळेच १९५० साली पोप पायस बारावे यांनी मानवी शरीराच्या उत्क्रांतीवर अभ्यासाला मुभा देतानाही, मानवजात अनेक आदिपुरुषांपासून झाली या मताला दार उघडले नाही. म्हणजे ‘कसे’ हा प्रश्न पूर्ण मोकळा आहे, असे कॅथलिक मंडळीनेही म्हटलेले नाही. शिवाय २ पेत्र १:१६ मध्ये प्रेषित स्पष्ट सांगतो की आम्ही चातुर्याने रचलेल्या कथांच्या मागे गेलो नाही, आम्ही प्रत्यक्ष पाहणारे होतो. कथा आणि साक्ष यांतली ती भिंत प्रेषितांनी स्वतः घातलेली आहे.

मात्र त्या मुलीच्या प्रश्नाला उत्तर आहे, आणि ते मजकुरातच आहे. सृष्टीचे गाणे शास्त्रात आहे. ते म्हणजे स्तोत्र १०४. तेथे हिब्रू काव्याची ओळखीची जोड-ओळ आहे, एकच विचार दोन अंगांनी सांगणारी, आणि देव प्रकाशाला वस्त्रासारखे पांघरतो अशा प्रतिमा आहेत. ईयोब ३८:७ मध्ये पृथ्वीचा पाया घातला तेव्हा प्रभातनक्षत्रांनी मिळून गायन केले, असे म्हटले आहे; लुईसचे गाणारे तारे वाचताना मला त्याच ओळीची आठवण होते. उत्पत्ती १ चा साचा मात्र वेगळा आहे. तेथे ‘संध्याकाळ झाली व सकाळ झाली’ हे पालुपद आहे खरे, पण वाक्ये पुढे सरकतात ती हिब्रू गद्य कथनाच्या क्रमाने: आणि देव म्हणाला, आणि तसे झाले, आणि देवाने पाहिले. पुढे २:४ पासून ‘हा उत्पत्तिक्रम’ अशी नोंदीची भाषा सुरू होते आणि तीच भाषा नोहा, शेम, तेरह यांच्या वंशावळींतून अब्राहामापर्यंत आपल्याला नेऊन पोहोचवते. नार्नियाची वंशावळ माझ्या घरापर्यंत येत नाही. तिच्या हाती दोन्ही उतारे द्या आणि तिलाच फरक शोधू द्या; पंधरा वर्षांच्या मुलीला तो नक्की सापडेल.

आणि सिद्धांताची खरी अडचण त्या गाण्यात नाही, तर मालिकेच्या शेवटच्या पुस्तकात आहे. ‘द लास्ट बॅटल’ या १९५६ सालच्या पुस्तकात एमेथ नावाचा तरुण सैनिक आयुष्यभर ताश या क्रूर दैवताची मनोभावे सेवा करतो, आणि शेवटी अस्लान त्याला जवळ घेतो. ताश आणि मी एकच आहोत म्हणून नव्हे, आम्ही एकमेकांच्या विरुद्ध आहोत म्हणूनच तू ताशसाठी केलेली सारी खरी सेवा माझ्या खाती जमा झाली, असा त्याचा युक्तिवाद. प्रेषितांची कृत्ये ४:१२ मधील ‘तारण दुसऱ्या कोणाकडून नाही’ हे वचन मानणाऱ्याने येथे थांबायलाच हवे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली, ज्यांना स्वतःच्या दोषाविना सुवार्ता कळली नाही त्यांच्या तारणाची शक्यता मांडली. इव्हँजेलिकल (बायबलला अंतिम प्रमाण मानणाऱ्या प्रोटेस्टंट) मंडळींत हा प्रश्न अजून धगधगतो आहे. मी वर्गात हे पुस्तक घेते, पण त्या पानावर आले की पुस्तक मिटते आणि शास्त्र उघडते. त्या वडिलांची पेन्सिल चुकीच्या पुस्तकात चालली, एवढेच मी म्हणेन.

उत्तर: यात्रेकरू

थोडक्यात लिहितो. हा वाद नवा नाही. १६७८ साली जॉन बनियन यांनी ख्रिस्ती यात्रेकरूच्या स्वप्नाची कथा छापली तेव्हा तिच्या आरंभी त्यांना पद्यात लांब समर्थन जोडावे लागले, कारण मित्रांपैकी काहींनी छाप म्हटले होते आणि काहींनी नको म्हटले होते. हे तर कल्पित आहे, हाच आक्षेप होता. त्यांचे उत्तर असे की संदेष्टे आणि प्रभू स्वतः रूपकांनी बोलले. पुढे हरि केशवजींनी ती कथा १८४१ साली मराठीत आणली, आणि आज तिच्यावर कोणी बोट ठेवत नाही.

उलट, ज्याला सर्वांनी डोक्यावर घेतले त्या मिल्टनची गंमत पाहा. सृष्टी आणि पतन यांवरचे त्याचे महाकाव्य १६६७ सालचे. १८२३ साली त्याच्या नावावरचा लॅटिन धर्मग्रंथ जुन्या कागदपत्रांत सापडला आणि दोन वर्षांनी छापला गेला, तेव्हा लोकांना कळले की त्यात शून्यातून निर्मिती नाकारलेली आहे. सृष्टी देवाने स्वतःतूनच काढली, असे त्याचे मत. बोलत्या सिंहावर पहारा बसला आणि पाखंडी मत महाकाव्याच्या बाइंडिंगमधून दीडशे वर्षे घरोघरी गेले!

कथांच्या रांगेत बसण्याच्या भीतीबद्दल एकच आठवण करून देतो. फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली उत्पत्तीपासूनची सारी हकिकत मराठी ओव्यांत सांगितली आणि ग्रंथाला ‘पुराण’ म्हटले. यापेक्षा मोठी जोखीम कोणती असेल? तरी त्यांना ओवी आणि सत्य यांत विरोध दिसला नाही.

शास्त्राचा आणखी एक दाखला. नाथान संदेष्ट्याने दावीदाला गरिबाच्या कोकरीची गोष्ट सांगितली (२ शमुवेल १२) तेव्हा ती गोष्ट आहे असे आधी सांगितले नव्हते. राजाने ती खरी धरली, संतापला, आणि मग “तो मनुष्य तूच आहेस” हे वाक्य आले.

उत्तर: जुनी पोथी

‘उलटतपासणी’ यांनी माझ्या उत्तरातील भोक बरोबर दाखवले. दिवसांची मोकळीक आणि आदामाची मोकळीक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मी त्या एकाच पिशवीत टाकल्या होत्या. स्तोत्र १०४ आणि उत्पत्ती १ शेजारी ठेवण्याची त्यांची सूचना माझ्या सर्व दाखल्यांपेक्षा उपयोगी आहे.

दोन गोष्टी जोडतो. कथा आणि साक्ष यांतली भिंत लुईस यांनाही ठाऊक होती. १९ सप्टेंबर १९३१ च्या रात्री ऑक्सफर्डमधील महाविद्यालयाच्या आवारात टोल्किन आणि ह्यूगो डायसन त्यांच्याशी उशिरापर्यंत बोलत राहिले, आणि पुढल्या महिन्यात लुईस यांनी मित्राला लिहिले की ख्रिस्ताची हकिकत ही खरी पुराणकथा आहे, इतर पुराणकथांसारखीच मनावर काम करणारी, फरक हा की ती प्रत्यक्ष घडली. ‘घडली’ या शब्दावर त्यांचा सारा विश्वास उभा आहे. नार्नियाबद्दल त्यांनी १९५८ साली एका पत्रात स्पष्ट केले की ते रूपक नाही. तसे एखादे जग असते आणि देवपुत्राने आपल्या जगात जसा देह धरला तसा तेथे धरला असता, तर काय घडले असते, हा केवळ ‘समजा’ आहे. त्या वडिलांना हा शब्द द्यावा. ‘समजा’ म्हणणारा माणूस साक्ष देत नसतो, आणि तसा दावाही करत नसतो.

दुसरी गोष्ट माझ्याच बाजूविरुद्ध जाते. टोल्किन यांनी ‘निर्माण’ आणि ‘बनवणे’ हा भेद इतक्या निगुतीने पाळला, आणि त्याच भेदात ते अडकले. दुष्ट शक्ती फक्त नक्कल करू शकते, नवे घडवू शकत नाही, असे ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा नायक फ्रोडो याच्या तोंडी येते. मग ऑर्क, म्हणजे दुष्ट शक्तीचे ते राक्षसी सैनिक, कोठून आले? एल्फांना भ्रष्ट करून केले म्हटले तर त्यांना आत्मा आहे आणि तारणाची वाटही उघडी असायला हवी; मग कथेत त्यांची सरसकट कत्तल होते तिचे काय? निव्वळ बाहुल्या म्हटले तर ते आपापसांत भांडतात, कुरकुरतात, घाबरतात ते कसे? औलेचे बुटके आठवा, अंग चोरणे ही तेथे जीव असल्याची खूण होती. टोल्किन यांनी निरनिराळ्या वेळी निरनिराळी उत्तरे लिहून पाहिली आणि ही गाठ त्यांच्याच्याने शेवटपर्यंत सुटली नाही. ज्याला सिद्धांताची पर्वा नसते त्याला अशी गाठ पडतच नाही, असे मला वाटते, पण हे मत माझ्यापुरते.

पुन्हा प्रश्नकर्ता: पानखूण

आपणा सर्वांचे मनापासून आभार. पाळकांना द्यायचे मत मी काल लिहून दिले. त्यात १९५४ सालचे ते पत्र घेतले, आदामाचा मुद्दा वेगळा काढला, आणि ‘द लास्ट बॅटल’ हे पुस्तक पाळक स्वतः उपस्थित असल्याशिवाय गटात घेऊ नये, असे सुचवले. यात्रेकरूंचा मिल्टन मी मोह आवरून बाहेर ठेवला. आमच्या पाळकांना तो तोंडपाठ आहे आणि महिनाअखेर त्यांना आणखी एक धक्का देणे बरे दिसले नसते.

मत देण्याआधी ते त्या मुलीच्या वडिलांना दाखवले. त्यांनी ते माझ्यासमोर बसून दोनदा वाचले. ‘समजा’ हा शब्द त्यांना पटला, निदान त्यावर त्यांनी रेघ ओढली नाही. दुसऱ्या सृष्टीची हकिकत रचणे उचित आहे, असे ते अजूनही म्हणत नाहीत. मुलीला गटात येऊ द्यायला मात्र ते तयार आहेत, आणि रविवारी स्तोत्र १०४ व उत्पत्ती १ शेजारी ठेवून वाचणार आहोत तेव्हा तेही मागच्या बाकावर बसणार आहेत.

औलेचा उतारा मी त्यांना हाताने उतरवून दिला होता. तो परत करताना त्यांनी हातोड्याच्या ओळीजवळ पेन्सिलीने काहीतरी लिहिलेले दिसले. मला वाटले पुन्हा ‘कोण?’ असेल. तेथे लिहिले होते, “ऑर्कांनी अंग चोरले तर?”

हे त्यांनी जुनी पोथी यांचे दुसरे उत्तर वाचण्याआधी लिहिले होते.